रडायच्या थांबलेल्या राणीसाहेब

१

मी राजवाड्याच्या मागच्या अंगणात शिरले तेव्हा एका सत्तरीच्या बाईची पत्र्याची ट्रंक उघडून आतलं सगळं फरशीवर मांडलं होतं. दोन स्वेटर, गोळ्यांच्या पट्ट्या, काडी मोडलेला चष्मा, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो आणि आतले कपडे. हो, आतले कपडेसुद्धा. माळी, आचारी, झाडलोट करणाऱ्या दोघीजणी, तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस असे सगळे भोवती उभे होते आणि जो तो दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत होता.

ट्रंकेच्या तळातून रखवालदारानं एक जांभळी मखमली पिशवी वर काढली. मुठीत मावेल एवढी. रिकामी.

"ही ओळखता ना, मावशी?" पायरीवर उभ्या असलेल्या राजवाड्याच्या सूनबाईंनी विचारलं.

"ओळखते की. नाडी तुटली होती. नवी घालायला आणलीय."

"आणि आतलं चित्र?"

"ते कपाटात असतं."

"ते कपाटात नाही. काल रात्रीपासून नाही."

मावशी खाली वाकल्या, आधी आतले कपडे उचलले, त्यांची घडी घालून ट्रंकेत ठेवली, वर स्वेटर टाकले. चव्वेचाळीस वर्षं या घरात काढलेल्या बाईला सामान भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रखवालदार त्यांना फाटकाकडं घेऊन निघाला.

माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या. माझ्या गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असतं, त्याकडं त्यांनी बोट केलं.

"चित्रं बघणाऱ्या बाई तुम्हीच ना? बरं झालं आलात. राणीसाहेब दोन वर्षं झाली रडल्या नाहीत. सांगून सांगून थकले, पण कुणाला त्याचं काही वाटत नाही."

तिकीटवाला तोंडावर हात धरून हसला. माळ्यानं डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं.

मी हसले नाही. गेली तीस वर्षं मी अंगठ्याएवढी जुनी चित्रं दुरुस्त करते आहे. त्या बाईनं काय सांगितलं ते त्या अंगणात फक्त मला कळलं होतं.

२

राज्य जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. राजवाड्याचा पुढचा भाग आता तिकीट काढून बघता यायचा, मागच्या भागात घरची माणसं राहायची. मधल्या एका छोट्या खोलीत काचेचं बुटकं कपाट होतं आणि त्यात बारा चित्रं. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर काढलेले चेहरे, वर काच, भोवती सोन्याची कड. या घराण्यात मुलगी दूरच्या राज्यात दिली की तिचा एवढासा चेहरा आईकडं राहायचा. मुलगा लढाईला निघाला की आईचा चेहरा त्याच्या खिशात जायचा. पुढं कॅमेरे आले, तरी लग्न ठरलं की चित्र काढून घ्यायची पद्धत या घरानं सोडली नाही. बाहेरच्याला ते दागिने वाटतील. घरच्यांना ती माणसं होती.

नवं दालन आठवड्याभरात उघडायचं होतं. त्याआधी बाराही चित्रं खरी आणि ठाकठीक असल्याचा सहीचा कागद हवा होता, म्हणून मला बोलावलं होतं.

आता अकराच होती. खालच्या ओळीतल्या शेवटच्या जागी मखमलीवर नुसता लंबगोल ठसा उरला होता.

"थोरल्या राजेसाहेबांच्या आईचं चित्र," सूनबाई म्हणाल्या. "त्या एकोणीस वर्षांच्या असतानाचं. त्यांच्या माहेरच्या चिताऱ्यानं काढलेलं. तो चितारी तरुणपणीच गेला, त्याच्या हातची फार थोडी चित्रं आहेत."

मी कुलपाला भिंग लावलं. एक ओरखडा नाही.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक कारभाऱ्यांकडं, एक मावशींकडं. आत्याबाई रोज चार वाजता ते चित्र हातात घेऊन बसतात. मावशी काढून देतात, पाच वाजता परत ठेवतात."

"आणि ही बाकीची?" मी वरच्या ओळीकडं बोट केलं. तिथल्या तीन चित्रांना हिऱ्यांची कड होती, एकाला पाचूंची. "ही हाताशी असताना चोरानं साधी सोन्याची कड उचलली?"

सूनबाईंनी कपाटाकडं पाहिलं. हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. पण उत्तर मागून आलं.

"नोकरमाणसाला हिऱ्यातलं काय कळतं?"

थोरले राजे दारात उभे होते. वय एक्क्याऐंशी, पण पाठ काठीसारखी ताठ. कोटाचं एकही बटण उघडं नाही. "चव्वेचाळीस वर्षं घरात ठेवून घेतलं. शेवटी जात्यावर बसलं की ओवी सुचते, आणि कपाटाची किल्ली हातात आली की चोरी. बाई, तुम्ही तुमची अकरा चित्रं तपासा."

ज्या बाईनं यांच्या मुलाला खांद्यावर खेळवलं, जी आजारपणात यांच्या उशाशी बसली, तिच्याबद्दल हे. माझी जीभ मुळातच फार आवरत नाही.

"अकरा तपासते," मी म्हणाले. "पण बाराव्याचं काय झालं ते कळल्याशिवाय कागदावर सही करणार नाही."

"तुमचं काम चित्रं बघणं आहे."

"तेच करतेय. या खोलीत अजून कुणी केलेलं दिसत नाही."

राजे वळले आणि काठी टेकत निघून गेले. सूनबाई माझ्याकडं रोखून बघत होत्या. मला वाटलं, आता मलाही फाटक दाखवतात. पण त्या हळूच म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ देते. मला पण एक सांगा. ट्रंक बघितली ती चूक झाली का?"

"ट्रंक बघायचं तुम्हाला सुचलं?"

"नाही," राजे गेले त्या दाराकडं बघत त्या म्हणाल्या. "आबासाहेबांनी सांगितलं."

३

आत्याबाई, म्हणजे राजांची धाकटी बहीण, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या. डोळे उघडे होते, पण त्यांना माझ्या जागी नुसता करडा डाग दिसत असावा. मी बोलले तेव्हा त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडं वळवला.

"मावशीला घालवलं म्हणे," त्या म्हणाल्या. "मला आचाऱ्यानं सांगितलं. या घरातली बातमी मला नेहमी आचाऱ्याकडून कळते."

"पिशवी त्यांच्या ट्रंकेत सापडली म्हणून."

"सापडणारच. मीच दिली. नाडी तुटली होती."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं का?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला कोण विचारतंय? डोळे गेले की लोकांना वाटतं माणसाची अक्कलही गेली."

मी खुर्ची जवळ ओढली. त्यांच्या आईबद्दल विचारलं. आई गेली तेव्हा त्या दीड वर्षाच्या होत्या. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पहिल्या राणीचे सगळे फोटो भिंतीवरून उतरले. कुठं गेले कुणाला ठाऊक नाही. उरलं ते एवढंसं चित्र.

"आईनं शेवटच्या दिवशी ते माझ्या पाळण्यात ठेवलं. दादा तेव्हा सहा वर्षांचा होता, तिथंच उभा होता. लहानपणी मी रडायला लागले की तोच मला ही गोष्ट सांगायचा. म्हणून चित्र माझं. कपाटात ठेवलं तरी माझं."

"ते हातात घेतल्यावर तुम्हाला काय जाणवायचं?"

हा प्रश्न त्यांना आवडला असावा. त्यांनी उजवा तळहात उघडून मांडीवर ठेवला.

"आधी गार लागायचं. अगदी गार. मग सावकाश माझ्याएवढं गरम व्हायचं. मी मनात आकडे मोजायचे. शंभराच्या आसपास आई माझ्याएवढी ऊबदार व्हायची." त्यांनी मूठ मिटली. "दोन वर्षं झाली, विसावरच गरम होते. आणि हलकीही झालीय. दादाला सांगितलं तर म्हणाला, तुझा हात म्हातारा झालाय. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या."

"आणि मावशींना?"

"तिला सांगायची गरजच नव्हती. ती आधीच ओरडत होती, राणीसाहेब रडत नाहीत म्हणून."

मी त्यांचा हात हातात घेतला. तो म्हातारा होता खरा, पण त्याच्या पाठीवर मी हळूच पेन्सिलीचं टोक टेकवलं तर त्यांनी लगेच सांगितलं, "पेन्सिल. टोक बोथट आहे."

हाताला काहीही झालेलं नव्हतं. मग चित्राला काय झालं होतं?

४

मावशी भाचीकडं उतरल्या होत्या. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, वर जायला अरुंद जिना. दार त्यांनीच उघडलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठणठणीत.

"चहा घेणार? की माझ्या हातचा चालणार नाही?"

"चालेल. आणि राणीसाहेब कशा रडायच्या ते सांगा."

त्यांनी भांडं गॅसवर ठेवलं आणि माझ्याकडं वळून बघितलं. मी थट्टा करत नाही अशी खात्री करून घेतली.

"पावसाळी दमट दिवस आले की काचेच्या आतून बारीक थेंब यायचे. डोळ्याच्या खाली, गालावर. बाहेरून पुसून जायचे नाहीत. बोट लावलं तर बाहेरची काच कोरडी. दरवर्षी मी कारभाऱ्यांना सांगायचे, ते वहीत लिहायचे. मागच्या पावसाळ्यात एक थेंब नाही, त्याच्या आधीच्यातही नाही. मी म्हटलं, काहीतरी बिनसलंय. सगळे म्हणाले, मावशीला म्हातारचळ लागलाय."

"तुम्हाला काही लागलेलं नाही," मी म्हणाले. "जुन्या काचेत एक क्षार असतो. हवा दमट झाली की तो काचेतून सुटतो आणि आतल्या बाजूला थेंब धरतात. आम्ही त्याला काचेचं दुखणंच म्हणतो. ते आपोआप बरं होत नाही. उलट दरवर्षी वाढतं."

"मग थांबलं कसं?"

"काच बदलली म्हणून. नुसती काच नाही. हातात लगेच गरम होते, वजनाला हलकी आहे, म्हणजे काचेच्या जागी प्लॅस्टिक आणि सोन्याच्या जागी मुलामा. मावशी, काल रात्री गेलं ते राणीसाहेबांचं चित्र नव्हतंच. ती नक्कल होती. खरं चित्र दोन वर्षांपूर्वीच गेलं."

मावशी स्टुलावर बसल्या. चहा उतू गेला, तो मी बंद केला.

"रोज चार वाजता मी बाईसाहेबांच्या हातात प्लॅस्टिक देत होते?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "त्या त्याच्याशी बोलायच्या हो."

मी दोन कप भरले. मग म्हणाले, "चेहऱ्याची नक्कल करून भोवती हुबेहूब तशीच कड घडवायला खरं चित्र तीनचार आठवडे तरी समोर लागतं. पण आत्याबाई रोज ते हातात घेत होत्या. एवढे दिवस ते कपाटातून बाहेर राहिलं असं कधी झालं?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही.

"डोळ्यांच्या ऑपरेशनला. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या आधी. पाच आठवडे आम्ही दोघी दवाखान्यात होतो. मी त्यांच्याजवळच झोपायचे. किल्ली कारभाऱ्यांकडं देऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, पट्टी सुटली की थोडे दिवस दिसेल, पुढचं सांगता येत नाही. बाईसाहेबांनी निरोप पाठवला, पट्टी सोडायच्या दिवशी आईचं चित्र आणून द्या. मला तिला एकदा नीट बघायचंय."

"मग?"

"घरून उत्तर आलं, चित्र नाजूक आहे, हलवू नये." मावशींनी आपला कप बाजूला सरकवला. "नऊ दिवस दिसलं त्यांना. नऊ दिवस त्या दवाखान्याची भिंत बघत होत्या. घरी आलो तोपर्यंत सगळं करडं झालं होतं."

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर फुटला असता.

"त्या पाच आठवड्यांत घरात कोण होतं? सूनबाई?"

"त्या तेव्हा परदेशात. इथं येऊन त्यांना दीडच वर्ष झालं."

"मग कोण?"

"दोघंच," मावशी म्हणाल्या. "राजेसाहेब आणि कारभारी."

५

कारभारी साठीचे गृहस्थ, मऊ बोलणारे, मऊ चालणारे. त्यांनी दोन वह्या न मागता काढून दिल्या. न मागता मिळालेल्या वहीत सहसा काही नसतं, म्हणून मी तिसरी मागितली.

पहिली वही देखभालीची. दरवर्षी पावसाळ्यात एक ओळ: "राणीसाहेबांच्या चित्रात काचेखाली दव. पुसता येत नाही." सलग सतरा वर्षं. मग एकदम कोरी पानं.

दुसरी वही पाहुण्यांची, ती मी मिटून ठेवली. तिसरी होती वस्तूंच्या ये-जा करण्याची. पानाच्या डाव्या बाजूला 'आत', उजव्या बाजूला 'बाहेर'. दोन वर्षांपूर्वीचं पान मी उघडलं. ऑपरेशनचा महिना. 'आत'च्या बाजूला लिहिलं होतं: "थोरल्या आजोबांचं चित्र, मुकुटासह. स्नेह्याकडून भेट."

ते चित्र मी सकाळीच पाहिलं होतं. वरच्या ओळीच्या अगदी मधोमध, पाचूंच्या कडेचं.

"हे कुणी भेट दिलं?"

"एक संग्राहक आहेत. फार दिलदार."

"माझ्या ओळखीत चाळीसेक संग्राहक असतील. त्यातला एकही दिलदार नाही. संग्राहक हातातला चहाचा कपसुद्धा बदल्यात काही घेतल्याशिवाय सोडत नाही."

कारभाऱ्यांनी स्मित केलं आणि वहीकडं हात केला. मी ती माझ्याकडं ओढली. 'बाहेर'च्या बाजूला त्याच ओळीत काहीच लिहिलेलं नव्हतं. पण तिथला कागद जरा जास्तच कोरा होता. मी वही खिडकीशी नेली आणि उजेड पानावर आडवा पडेल अशी धरली. एवढ्याशा जागेत कागदाचे तंतू उभे राहिले होते. कुणीतरी पात्यानं शाई खरवडली होती. शाई जाते, पण पेनानं दाबलेली खाच जात नाही. भिंगाखाली अक्षरं हळूहळू उमटली.

"राणीसाहेब, लहान. बदली."

मी ते मोठ्यानं वाचलं.

कारभाऱ्यांनी उठून खोलीचं दार लावलं. "खरवडलं मी," ते म्हणाले. "पण लिही म्हणणारा आणि खरवड म्हणणारा माणूस एकच होता. मी तीस वर्षं त्यांचं मीठ खातोय."

"आणि मावशी काय खात होत्या? सकाळी अंगणात तुम्ही कुठं होता?"

"आतल्या खिडकीत," ते म्हणाले.

"बघत?"

तिसरी वही त्यांनी मला नेऊ दिली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलाशी मी सूनबाईंना सगळ्यांना बसवायला सांगितलं. राजे टोकाला, आत्याबाई त्यांच्या उजव्या हाताला, कारभारी दाराशी. वही मी टेबलावर ठेवली.

"परवा काय चोरीला गेलं तिथून सुरुवात करू," मी म्हणाले. "नक्कल गेली. आता नक्कल कोण चोरेल? ज्याला ती नक्कल आहे हे माहीत नाही असा चोर असता तर त्यानं शेजारचे हिरे सोडले नसते. म्हणजे ती नक्कल आहे हे माहीत असलेल्यानंच ती हलवली. का? मी महिन्याभरापूर्वी पत्र लिहिलं होतं, प्रत्येक चित्र चौकटीतून काढून त्याची पाठ बघेन म्हणून. प्लॅस्टिक मला पहिल्या मिनिटाला कळलं असतं. ते माझ्या हाती लागायच्या आत नाहीसं होणं भाग होतं."

"मावशीला तुमचं पत्र माहीत नव्हतं," सूनबाई सावकाश म्हणाल्या.

"आणि मावशी तर दोन वर्षं चित्र बदललं म्हणून सांगत फिरत होत्या. चोर आपल्याच चोरीची दवंडी पिटत नाही. तुम्हीही नाही, सूनबाई. मला बोलावलंच तुम्ही. शिवाय बदल झाला तेव्हा तुम्ही इथं नव्हता. कारभाऱ्यांकडं किल्ली होती, पण मुकुटवाले आजोबा मधोमध बसवून त्यांचं काय भलं झालं? ते चित्र कुणाला हवं होतं?"

मी ती खरवडलेली ओळ वाचली.

राजांनी हातरुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर शरम शोधत होते मी. नव्हती.

"वाटणीत ते चित्र चुलत घराण्याकडं गेलं आणि तिथून बाहेर," ते म्हणाले. "साठ वर्षं मी त्याच्या मागावर होतो. राजघराण्याच्या दालनात मधल्या जागी राजा नको? त्या संग्राहकाला आईच्या चिताऱ्याचं एक चित्र हवं होतं. दिलं. मी चोरी केली नाही. माझ्या घरातली वस्तू मी माझ्या घरातल्या वस्तूसाठी दिली."

"दादा," आत्याबाई म्हणाल्या, "ते माझ्या पाळण्यात ठेवलं होतं. तू तिथं होतास. त्याला दुसरा साक्षीदार नाही, म्हणून तुला सोपं गेलं का?"

"तुला तसंही दिसत नव्हतं, धाकटे."

आत्याबाईंनी चेहरा त्यांच्या आवाजाकडं वळवला.

"नऊ दिवस दिसत होतं," त्या म्हणाल्या.

राजांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. सूनबाई उठून उभ्या राहिल्या.

"आणि मावशी, आबासाहेब? तिची ट्रंक बघ म्हणालात मला."

"कुणावर तरी येणारच होतं," राजे म्हणाले. "तिला मी उपाशी ठेवणार नव्हतो. काहीतरी लावून दिलं असतं."

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू आपल्या दयाळूपणाची आम्ही दखल घ्यावी. मी आयुष्यात बरेच चोर पाहिले, नकली चित्रं खपवणारे, मेलेल्या माणसाच्या सह्या करणारे. त्यांच्यातल्या एकालाही दुसऱ्याच्या अब्रूची किंमत इतकी कमी वाटत नव्हती.

"नक्कल कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून ती काढून टेबलावर सरकवली. मी भिंग लावलं. हस्तिदंतही नव्हतं. छापलेला फोटो, त्यावर रंगाचे चार हात. गालावर छपाईचे ठिपके दिसत होते.

"आजच अहवाल लिहिणार आहे," मी म्हणाले. "जे पाहिलं ते सगळं. कुणाच्या घरातलं चित्र कुणाच्या मर्जीविरुद्ध संग्राहकाकडं गेलं, तेही. त्याची एक प्रत त्या संग्राहकाला जाईल. तो चित्र परत करेल. असल्या माणसांना चोरीची भीती नसते, बोभाट्याची असते."

"आणि मी दालनाचं उद्घाटन पुढं ढकलतेय," सूनबाई म्हणाल्या. "आजोबांना घेऊन मी स्वतः जाईन."

"सूनबाई, या घरात अजून मी आहे," राजे म्हणाले.

"हो, आबासाहेब. तीच तर अडचण आहे."

७

अदलाबदल व्हायला तीन आठवडे लागले. संग्राहकानं आधी कुरकुर केली, मग अहवाल वाचला, मग गाडीपर्यंत सोडायला आला.

दरम्यान राजांनी कारभाऱ्यांकरवी मावशींना निरोप धाडला, झालं गेलं विसरून कामावर यावं. मावशींनी दारातच ऐकून घेतलं.

"विसरायचं काम माझ्याकडं कधीपासून दिलं?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडं कपाटाची किल्ली होती, तेवढीच."

सूनबाईंनी मात्र त्याच अंगणात माळी, आचारी, तिकीटवाला, सगळ्यांना उभं केलं. मावशींना त्यांनी गाडी पाठवून आणलं होतं. "चोरी यांनी केली नाही. चोरी घरात झाली. आणि यांचे कपडे फरशीवर मी मांडले, ती माझी चूक," एवढं त्या बोलल्या. माळी आपल्या चपलांकडं बघत राहिला. राजे खाली आले नाहीत. सूनबाईंनी हात धरून पुन्हा राहायला या म्हटलं, तरी मावशींनी मान हलवली. तुमचा राग नाही, म्हणाल्या, पण त्या छपराखाली आता झोप लागायची नाही.

मग आत्याबाईंनी आपली बॅग भरायला सांगितली. शहात्तराव्या वर्षी, जन्म काढलेल्या घरातून. कुणी अडवलं नाही, कारण अडवायला कुणाला तोंडच नव्हतं.

चित्र घेऊन सूनबाई आणि मी शिंप्याच्या दुकानावरचा जिना चढलो. आत्याबाई पलंगावर बसल्या होत्या, मावशी जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. सूनबाईंनी चित्र आत्याबाईंच्या हातात दिलं. त्या ओठातल्या ओठात शंभरपर्यंत मोजत राहिल्या. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"मला कधी कुणी नीट सांगितलं नाही," आत्याबाई शेवटी म्हणाल्या. "सुंदर होती, म्हणायचे. राजघराण्यात सगळ्याच सुंदर असतात. तुमच्याकडं भिंग आहे. ती कशी आहे ते सांगा."

मी चित्र घेऊन खिडकीशी गेले.

"नाक जरा मोठं आहे," मी म्हणाले. "चिताऱ्यानं लहान केलेलं नाही. डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, तिथं केस उगवलेले नाहीत. कुठंतरी पडल्या असणार, झाडावरून वगैरे. केस नीट बांधलेत, पण कानामागची एक बट सुटलीय."

"आणि तोंड?"

मी दुसरं, जास्त ताकदीचं भिंग लावलं.

"खालचा ओठ किंचित आत ओढलाय. दातांखाली धरलाय. गालाचा स्नायू वर चढलाय. आत्याबाई, त्या हसू दाबतायत. समोर बसून चितारी काहीतरी बोलला असणार, आणि यांना गंभीर बसायला सांगितलेलं. फार वेळ जमलं नसतं. अजून थोडा वेळ, आणि फुटल्याच असत्या."

आत्याबाईंनी तोंडावर हात नेला. मावशी भाजी टाकून उठल्या आणि माझ्या खांद्यावरून भिंगात डोकावल्या.

"अगंबाई, खरंच की," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं पुसत होते, मला हे दिसलं नाही."

"आबासाहेबांना सांगू?" सूनबाईंनी विचारलं. "त्यांनाही आई आठवत नसेल फारशी. सहाच वर्षांचे होते."

आत्याबाईंनी चित्रासाठी हात पुढं केला. मी ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याला ऐकायचं असेल तर जिना चढून इथं येऊ दे. मावशीसमोर बसू दे. मग मी सांगेन."

या गोष्टीला आठ महिने झाले. जिना तसाच आहे, दार दिवसभर उघडं असतं. ते अजून आलेले नाहीत.